रणांगणांतून शिवारांत : जुन्या लष्करी पट्ट्याच्या ट्रॅक्टरची घरीं दुरुस्ती

खानदेशांतील काळ्या जमिनीच्या शेतकऱ्यास हरळी, कुंदा व लव्हाळा या तीन शत्रूंची ओळख करून देण्याची गरज नाहीं. त्यांतही कुंद्याची जात मोठी चिवट. आठ बैलांचा लांकडी नांगर लावून जमीन फोडावी, मागून मजुरांनीं कुदळीनें खणून काशा वेंचाव्यात, आणि दोन पावसाळ्यांनंतर पाहावें तों कुंदा पुन्हां डोकें वर काढून उभा. आमच्या आजोबांनीं तापीकाठच्या आपल्या जमिनींतील कुंद्याशीं असा झगडा वीस वर्षें केला. अखेर त्यांनीं लिलावांत एक जुना पट्ट्याचा ट्रॅक्टर घेतला. त्याला आमच्याकडे सर्वजण ‘चेनचा ट्रॅक्टर’ म्हणत. वरचा पिवळा रंग खरवडला कीं खालीं सैन्याचा मळकट हिरवा रंग दिसे. लढाईसाठीं आणलेलें हें यंत्र आमच्या शिवारांत दहा-बारा उन्हाळे चाललें, कुंद्याचें बेट मोडून गेलें, आणि नंतर निंबाखालीं जें उभें राहिलें तें चाळीस वर्षें हललें नाहीं.

गेल्या दिवाळीनंतर भंगारवाला दारांत आला व वजनावर भाव सांगून गेला. घरांत दोन तट पडले. आमच्या थोरल्या बंधूंचें म्हणणें असें कीं, बारा टन लोखंड म्हणजे मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षांची सोय. निंबाखालीं गंजत ठेवण्यांत शहाणपण कसलें? वडिलांचें म्हणणें असें कीं, ज्यानें जमीन मोकळी करून दिली तें वजनावर विकूं नये. दोन्ही बोलणीं खरीं होतीं. तेव्हां आम्हीं मधली वाट सुचविली : एक उन्हाळा या कामास द्यावा, इंजिन फिरलें तर यंत्र ठेवावें, न फिरलें तर विकावें. त्या उन्हाळ्याचा अनुभव, त्यांतील चुकांसह, वाचकांपुढें ठेवीत आहों. खानदेशांत आणखीही कोठें कोठें बांधावर अशीं यंत्रें पडून असतील, त्यांच्या धन्यांस तो उपयोगीं पडावा.

या यंत्राचा वंश

पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीची कुळकथा शेतकऱ्यांनीं अवश्य जाणावी, कारण ती शेतांतूनच निघालेली आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत स्टॉक्टन गांवाजवळची नदीकांठची जमीन इतकी भुसभुशीत होती कीं, वाफेचे अवजड ट्रॅक्टर तींत रुतून बसत. बेंजामिन होल्ट नांवाच्या शेतकी यंत्रांच्या कारखानदारानें ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें काढून त्या जागीं लांकडी फळ्यांचा फिरता पट्टा बसविला व २४ नोव्हेंबर १९०४ रोजीं त्याची चाचणी घेतली. पट्ट्यामुळें यंत्राचा भार मोठ्या जागेवर पसरतो, हें त्यांतील मर्म. आमच्याच यंत्राचें माप घ्या. पट्ट्याची रुंदी वीस इंच आणि जमिनीला टेंकलेली लांबी साडेसात फूट. दोन्ही पट्टे मिळून तीन हजार सहाशें चौरस इंच झाले. बारा टनांचा भार त्यांवर वांटला म्हणजे चौरस इंचास सुमारें साडेसात पौंड पडतात. मनुष्य चालतांना एका पावलावर भार घेतो तेव्हां त्याच्या तळव्याखालींही जवळजवळ इतकाच दाब असतो.

हीच युक्ति पुढें युद्धानें उचलली. इंग्लंडांतील लिंकन गांवीं विल्यम फॉस्टर आणि कंपनी हा मळणीयंत्रें व ट्रॅक्टर बनविणारा कारखाना होता. त्याच कारखान्यांत १९१५ सालीं ‘लिटल विली’ हा पहिला रणगाडा तयार झाला. त्याचे पहिले पट्टे शिकागोच्या ‘बुलक’ नांवाच्या ट्रॅक्टर कंपनीकडून आणविले होते. बुलक म्हणजे बैल! ते पट्टे नीट चालेनात, म्हणून कारखान्यानें स्वतःचे नवे पट्टे घडविले, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्सांत सोम नदीच्या लढाईंत रणगाडे प्रथम उतरले. रणगाड्याचा जन्म असा शेतकी यंत्रें घडविणाऱ्या हातांनीं झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रवास उलट दिशेनें झाला. लेडोहून ब्रह्मदेशांतून चीनकडे जाणारा रस्ता काढण्यासाठीं अमेरिकन सैन्यानें पट्ट्याचे ट्रॅक्टर आणि बुलडोझर आपल्या देशांत आणले होते. १९४५ सालीं युद्ध संपलें व त्यांपैकीं पुष्कळ येथेंच राहिले. सैन्यानें मागें ठेवलेल्या अशा ट्रॅक्टरांवरच केंद्र सरकारची सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन १९४७ च्या सुमारास उभी राहिली. मध्य भारतांतील कांस गवतानें गिळलेली जमीन खोल नांगरून मोकळी करणें हें तिचें मुख्य काम. नांगरट भर उन्हाळ्यांत करीत, म्हणजे वर आलेलीं मुळें उन्हानें वाळून मरत. त्यानंतर २९ सप्टेंबर १९४९ रोजीं जागतिक बँकेनें या कामाच्या यंत्रांसाठीं भारतास एक कोटी डॉलरचें कर्ज दिलें. त्या बँकेकडून आपल्या देशास मिळालेलें हें दुसरें कर्ज. पहिलें त्याच वर्षीं रेल्वेसाठीं मिळालें होतें. ती ऑर्गनायझेशन आतां राहिलेली नाहीं, पण उन्हाळी खोल नांगरटीचा तिचा धडा कुंद्यालाही तितकाच लागू आहे.

जुनें लष्करी यंत्र आणलें म्हणजे शेती पिकली असें मात्र कोणीं समजूं नये. पूर्व आफ्रिकेंत, मुख्यतः टांगानिका येथें, ब्रिटिश सरकारनें तीस लाख एकरांहून अधिक जमिनींत भुईमूग पेरण्याची योजना १९४७ सालीं हातीं घेतली. युद्धांतून उरलेले ट्रॅक्टर तेथें नेले. शर्मन रणगाड्यांच्या सांगाड्यांवरून ‘शर्विक’ नांवाचे ट्रॅक्टरही बनविले. परंतु जमिनीची व पावसाची परीक्षा आधीं नीट केली नव्हती. कोंग्वा येथील माती उन्हाळ्यांत दगडासारखी होई व नांगराचे फाळ झिजवून टाकी. झिजकीं यंत्रें भराभर बंद पडलीं. १९५१ च्या आरंभीं योजना गुंडाळावी लागली आणि साडेतीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम बुडाली. यंत्रापूर्वीं जमीन ओळखावी, हा बोध भुईमूग पिकविणाऱ्या आमच्या जिल्ह्यांनीं विसरूं नये.

कामाला हात घालण्यापूर्वीं

आमचें यंत्र कॅटरपिलर कंपनीचें डी-७ जातीचें. असें यंत्र उघडण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, जागा. यंत्राखालची जमीन टणक हवी. पावसाळी भेगाळ काळ्या मातीवर जॅक लावूं नये. आम्हीं मुरूम टाकून, ठोकून, वर सागाच्या जाड फळ्या अंथरल्या. दुसरी, वही. उघडलेला प्रत्येक भाग कोठला, कोणत्या बाजूचा, त्याचे बोल्ट किती, हें लगेच लिहून त्या भागास पत्र्याची खूण बांधावी. हें काम थोरल्या बंधूंच्या मुलीनें पत्करलें, व तिच्या वहीवांचून हें यंत्र पुन्हां जुळलें नसतें. तिसरी, स्वच्छता. चाळीस वर्षांची माती, ग्रीस व पाखरांचीं घरटीं काढण्यास आम्हांस आठ दिवस लागले. त्यांत नागाची कात निघाली. तेव्हां हात घालण्यापूर्वीं काठीनें चांचपून पाहावें.

येथें आरोग्याविषयीं दोन शब्द. जुन्या रंगांत शिसें असतें आणि जुन्या ब्रेक व क्लचच्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असतें. दोन्हींची धूळ फुप्फुसांस विषासारखी. कोरडें घांसूं नये, पाण्यानें भिजवून पुसावें, तोंडावर चांगला मास्क लावावा आणि लहान मुलें दूर ठेवावीं. डिझेलच्या जुन्या टांकीला गॅसची ज्योत कधींही लावूं नये. टांकी रिकामी दिसली तरी तींतील वाफ पेट घेते.

पट्टा उतरविणें

पट्टा म्हणजे पिना व बुशांनीं जोडलेली सांखळी आणि तिच्यावर बसविलेल्या पोलादी प्लेटा. मागचें दांत्यांचें चाक, म्हणजे स्प्रॉकेट, तिला ओढतें; पुढचें आयडलर तिला ताणून धरतें; मधले रोलर यंत्राचा भार तिच्यावर वाहतात. पट्ट्यांतील एक पीन ‘मास्टर पीन’ असते; तिच्या टोंकावर निराळी खूण असते. ती पुढच्या आयडलरच्या मध्यावर येईल असें यंत्र हळूहळू सरकवावें, ताण सैल करावा, खालीं प्लेटेस लांकडाचा ठोकळा लावावा, मगच घणानें पीन ठोकून काढावी.

आमची चूक येथें झाली. ठोकळा नीट बसला आहे कीं नाहीं हें न पाहतां आम्हीं घण मारला. पीन सुटतांच वरचा पट्टा सरसर घसरून खालीं आला आणि पुतण्याच्या पायापासून चार बोटांवर आदळला. एका प्लेटेचें वजन कोणी सहज उचलील, पण सबंध पट्ट्याखालीं सांपडलेला पाय परत मिळत नाहीं. त्या दिवशीं काम बंद ठेवलें. दुसऱ्या दिवसापासून नियम केला कीं, सुटणाऱ्या पट्ट्याच्या पुढें-मागें कोणीं उभें राहावयाचें नाहीं, आणि घण मारणाऱ्यानें आधीं मोठ्यानें सांगावयाचें. आयडलरच्या मागची जाड स्प्रिंग कित्येक टनांच्या जोरानें दाबलेली असते. ती घरीं उघडूं नये. तिला हात लावण्याचें काम योग्य साधन असलेल्या कारखान्यांतील मिस्त्रीचें.

उतरविलेला पट्टा पाहून यंत्राची प्रकृति कळते. बुश एकाच बाजूनें झिजतात, म्हणून कारखान्यांत पिना व बुश दाबून काढून अर्धा फेरा फिरवून बसविले कीं पट्ट्यास दुसरें आयुष्य मिळतें. स्प्रॉकेटचे दांत सुईसारखे टोंकदार झाले असतील तर नवा पट्टाही ते लौकर खातील. परत बसवितांना पट्टा ताठ तारेसारखा ताणूं नये. वरच्या बाजूस सरळ काठी धरावी व मध्यें एक ते दीड इंच झोळ ठेवावा. ताठ पट्टा पिना खातो. ढिला पट्टा वळतांना उतरतो.

गंजून एक झालेल्या बोल्टांस घाई चालत नाहीं. डिझेल व पातळ तेल रोज संध्याकाळीं सोडावें, सकाळीं हलक्या हातानें दोन्ही बाजूंस हलवावें. लहान सुटे भाग आम्हीं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यांत ठेवून बॅटरी चार्जरनें साफ केले : गंजलेला भाग ऋण तारेस, टाकाऊ साधें लोखंड धन तारेस. हें काम उघड्यावरच करावें, कारण त्यांतून पेटणारा वायु निघतो. स्टेनलेस पोलाद त्यांत कदापि वापरूं नये. त्यांतून विषारी क्षार पाण्यांत उतरतात.

इंजिन

या यंत्राचें चार सिलिंडरांचें डिझेल इंजिन बॅटरीनें सुरू होत नाहीं. त्याच्या शेजारीं दोन सिलिंडरांचें एक लहान पेट्रोल इंजिन असतें. तें हातानें फिरवून चालू करावें. तें मोठ्यास फिरवितें व आपल्या उष्णतेनें त्यास ऊबही देतें. थोरल्यास उठविण्यास धाकट्यानें आधीं उठावें, अशी ही घरासारखीच व्यवस्था.

प्रथम तेलाचें भांडें खालून उघडलें. आधीं पाणी आलें, मग काळा गाळ. पाणी थोडें होतें, म्हणून आशा वाटली. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्यें डिझेल व तेल यांचें मिश्रण ओतलें आणि दहा दिवस स्वस्थ बसलों. या दहा दिवसांत पहार लावून जोर करण्याचा मोह फार होतो. तो आवरावा, नाहीं तर पिस्टनच्या रिंगा तुटतात. अकराव्या दिवशीं सकाळीं पुतणीनें फ्लायव्हीलला पहार लावून हलकेंच दाबली, आणि चाक एक बोट सरकलें. वडील खाटेवरून उठून जवळ आले. बोलले कांहीं नाहींत. थोरले बंधूही गोठ्याच्या दारांत उभे होते.

त्यानंतर टांकी व नळ्या धुणें, गाळण्या बदलणें, रेडिएटर साफ करणें, मॅग्नेटोच्या ठिणगीची परीक्षा आणि नवें तेल या क्रमानें महिना गेला. सुरू करतांनाचे नियम असे. हँडल धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिन उलट झटका देतें तेव्हां निराळा ठेवलेला आंगठा मोडतो. मोठें इंजिन आधीं दाब सोडून फिरवावें, तेलाचा कांटा वर चढला म्हणजे मग दाब द्यावा आणि शेवटीं डिझेल सोडावें. हवा आंत जाण्याच्या तोंडाजवळ एकानें सपाट फळी घेऊन उभें राहावें. जुनें इंजिन कधीं कधीं स्वतःचें तेल पिऊन बेफाम धांवतें; तेव्हां हवा बंद करणें हाच उपाय. आमचें इंजिन बेफाम झालें नाहीं. तीनदां धूर सोडून चौथ्यांदा तें चाललें.

चाललें तरी वळेना. या यंत्रास स्टिअरिंगचें चाक नसतें. दोन दांड्यांनीं एकेका पट्ट्याचा क्लच सोडून, पायानें ब्रेक दाबून वळावें लागतें. कोरड्या क्लचच्या तबकड्या गंजून एकमेकींस चिकटल्या होत्या. त्या उघडून, सोडवून, पुसून बसविण्यास आणखी तीन आठवडे लागले.

रणगाडा घरीं आणतां येईल काय?

हें काम पाहण्यास येणारे तरुण हा प्रश्न हटकून विचारतात. परदेशांत हौशी लोक ब्रेन कॅरियर किंवा लहान रणगाडे घरीं दुरुस्त करतात. ऑस्ट्रेलियांत तर युद्धानंतर शेतकऱ्यांनीं ब्रेन कॅरियर शेतकामासही वापरले. आपल्याकडे तोफ व बंदूक यांस शस्त्रांचा कायदा लागू आहे, हें प्रथम लक्षांत घ्यावें. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले ते दुचाकी व चारचाकी वाहनांपुरते आहेत. पट्ट्याच्या यंत्रास त्यांचा आधार मिळत नाहीं. पोलादी पट्टे डांबरी रस्ता फाडतात, म्हणून आमच्यासारखें यंत्रही शेताबाहेर न्यावयाचें तर ट्रेलरवर चढवूनच न्यावें. आणि जुन्या लष्करी वस्तूंत काडतूस किंवा गोळ्यासारखें कांहीं आढळलें तर हात न लावतां पोलिसांस कळवावें.

ज्यांस रणगाडाच पाहावयाचा आहे त्यांनीं अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगरास जावें. तेथें चिलखती दलाचें केंद्र व शाळा आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालयही आहे. ब्रिटिशांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन व चर्चिल, जपानी रणगाडे, १९६५ च्या युद्धांत हातीं लागलेला पॅटन, आपला विजयंत असे कितीतरी तेथें एका आवारांत उभे आहेत. पुणें येथें जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत ज्या सेंच्युरियन रणगाड्यांत वीरमरण आलें, तो ‘फामागुस्ता’ही दुरुस्त करून नगरच्या त्याच केंद्रांत जतन केलेला आहे. रणगाड्याची दुरुस्ती ही केवळ हौस नसते, हें तेथें कळतें.

पॅटनपुढें उभे राहून शेतकऱ्यानें आणखी एक गोष्ट आठवावी. सप्टेंबर १९६५ मध्यें खेमकरणजवळ असल उत्तर येथें आपल्या सैन्यानें शेतांत पाणी सोडलें व उंसांत दबा धरला. ते नवे, बलाढ्य पॅटन चिखलांत रुतले आणि टिपले गेले. भिजलेल्या जमिनीपुढें पट्टाही हरतो. म्हणून पावसाळ्यांत आमचें यंत्र आम्ही निंबाखालून हलवीत नाहीं.

हिशेब

वैशाखाच्या अखेरीस नदीकडच्या अर्ध्या एकरांत, जेथें कुंदा पुन्हां शिरला होता तेथें, यंत्रानें दीड फूट खोल नांगरट केली. काशा वर आल्या, उन्हानें वाळल्या, आणि मजुरांनीं वेंचून जाळल्या. याहून खोल जाण्याचा मोह आम्हीं टाळला. खालची चोपण माती वर आली तर चार वर्षें पीक धरत नाहीं.

आतां खर्चाविषयीं खरें तें सांगतों. सुटे भाग, कारखान्याची मजुरी, तेल व डिझेल यांचा ताळा घेतला तों भंगारवाल्यानें सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून अधिक पैसा या कामांत गेला. हें यंत्र डिझेलही फार पितें. नेहमींच्या नांगरटीस चाकाचा साधा ट्रॅक्टर व पलटी नांगर स्वस्त पडतो, याविषयीं शंका नाहीं. पैशासाठीं हें काम कोणीं करूं नये. मुलीच्या शिक्षणाची सोय थोरल्या बंधूंनीं दुसरीकडून केली. तें त्यांनीं बोलून दाखविलें नाहीं, पण आम्हीं तें विसरलों नाहीं. घरांतील कोणाची गरज अडवून लोखंडाचें कौतुक करणें बरें नव्हे, इतकें आम्हीं शिकलों.

मग लाभ काय झाला? घरांतील तीन मुलांस यंत्राचें आंग कळलें. शिवारांतील पंप व ट्रॅक्टर आतां तींच उघडतात व जोडतात. पुतणीनें यंत्रविद्येचा अभ्यास घेतला आहे. तिची वही आम्हीं जपून ठेवली आहे. आणि कुंद्याचें तें अर्धें एकर यंदा कपाशीखालीं आहे.

ज्या सभासदांच्या बांधावर असें जुनें यंत्र उभें असेल त्यांनीं भंगारवाल्यास होकार देण्यापूर्वीं निदान तेलाचें भांडें खालून उघडून पाहावें. पाणी थोडें निघालें तर घरच्या मंडळींस बसवून विचार करावा. पुष्कळ निघालें तर विकण्यांत कमीपणा नाहीं. मात्र विकण्यापूर्वीं घरांतील मुलांस तें यंत्र एकदां उघडून दाखवावें.